गोळीवरचं दूध

चांदीनं मागचा पाय झाडला आणि चरवी लवंडली. दूध फार सांडलं असंही नाही, कारण चरवीत होतंच किती! उन्हं गोठ्याच्या कुडावर आली तरी रामजी म्हशीखालीच बसून होता आणि चरवीचा तळ जेमतेम झाकला होता.

हा रामजी ढेबे म्हणजे वरंधच्या डोक्यावरच्या धनगरवाडीतला एकेकाळचा धारेचा हात. कुणाची म्हैस हाताखाली उभी राहीना, कुणाची पान्हा चोरायला लागली, की रामजीला हाक जायची. तो कासेला पाण्याचा हात लावायचा, म्हशीशी दोन शब्द बोलायचा आणि चरवी फेसानं भरायची. आता त्याच रामजीची बोटं सडाभोवती वळायला एवढा वेळ घेत होती, की एक धार सुटली आणि दुसरी सुटली यांच्या मधे म्हशीनं तरी काय करावं? कंटाळली बिचारी.

"असूंदे, असूंदे," म्हणत त्याची बायको भागूबाई शेणाची पाटी टाकून धावली. "मी बगते. उठा तुमी."

रामजी उठला. म्हणजे उठायला लागला. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा खांबाला, मग थोडा पुढं, परत मागं. भागूबाईनं हात दिला नाही. मागच्या आठवड्यात दिला होता तर त्यानं झटकला होता. शेवटी तो उभा राहिला. उजवा हात आपला आपण मांडीवर थडथडत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं.

त्या बघण्याचीच तिला धास्ती होती. तोंडावर राग नाही, हसू नाही, काही म्हणून नाही. नुकत्या लिंपलेल्या कुडासारखं कोरं तोंड. पापणीसुद्धा लवकर लवत नव्हती. पूर्वी चरवी लवंडली असती तर हा माणूस म्हशीला म्हणाला असता, "काय गो, माहेरची आठवण झाली काय?" आणि भागूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली असती. वाडीत एके काळी चौदा घरं होती, आता चार राहिली, त्यातल्या दोन घरांत एकेक म्हातारी. बोलायला माणूस म्हणावा तर हा एकच, आणि त्यानंच बोलणं टाकलं होतं.

"रागावलात काय?" तिनं विचारलं.

त्याचे ओठ हलले. आवाज गळ्यातच राहिला. 'नाय' असावं.

नाय म्हणताना माणूस असं बघतो काय? भागूबाईनं चरवी विसळली, रेडकू पुन्हा एकदा कासेला लावलं आणि स्वतः म्हशीखाली बसली.

भादव्यात गणपती गेले आणि रामजीच्या हाताची थरथर सगळ्यांना दिसायला लागली. त्याआधी वर्षभर पाय ओढत होता, पण डोंगरात राहणाऱ्या साठीच्या माणसाचा पाय ओढला तर त्यात सांगण्यासारखं काय? मुलगा सुनील कळंबोलीला गोदामात कामाला. तो आला आणि बापाला महाडला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. एस्टीत चढताना रामजीचा पाय पायरीवर अडला, तसा कंडक्टर म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकलीस काय रे म्हाताऱ्या?" रामजी आयुष्यात दारूला शिवला नव्हता. त्या दिवसानंतर त्यानं एस्टीत पाय ठेवला नाही.

डॉक्टरकडे ही गर्दी. आत पाच मिनिटं झाली नसतील. सुनीलनं घरी येऊन सांगितलं, "पार्किन्सन नाव हाय आजाराचं. मेंदूत काहीतरी कमी पडतंय. मुळासकट जात नाय, पण गोळ्यांनी माणूस नीट चालतो, काम करतो. दिवसातनं तीन टाइम गोळी, उपाशीपोटी. एक पण चुकवायची नाय."

भागूबाईनं एकही चुकवली नाही. घड्याळ तिला कळत नव्हतं, पण सकाळची पहिली एस्टी घाटाच्या वळणावर हॉर्न देते तेव्हा एक, ऊन उंबऱ्यावरून मागं सरलं की दुसरी, आणि गुरं दावणीला लागली की तिसरी. आणि उपाशीपोटी म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जन्मभर तिनं सोमवार धरले होते. उपासाला दूध चालतं. दूध प्यायलं म्हणून कुणाचा उपास मोडला असं तिच्या माहेरी झालं नव्हतं, सासरी झालं नव्हतं. शिवाय एवढीशी गोळी, ती गरम पडणार. म्हणून ती पितळेचा पेला भरून निरसं दूध गोळीवर द्यायची आणि तो संपेपर्यंत समोर उभी राहायची.

दिवाळीला सुनील परत आला. बापाला ओटीवरून अंगणात उतरताना बघत तो भिंतीला टेकून उभा राहिला. रामजी उंबऱ्याशी आला आणि थांबला. पुढं जायचं होतं, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे. नुसते टाचेवर थरथरत होते.

"आये, किती दिस ओढणार तू एकटी?" सुनील गोठ्यात येऊन म्हणाला. "धार तू, गवत तू, खाली हाटेलात दूध पोचवायचं तू. उद्या आबा पऱ्याच्या पाण्यात पडले तर मला कोण सांगंल? रेंज पण नाय हितं."

"पडतायत कशाला?"

"प्रॅक्टिकल विचार कर जरा. म्हशी दोनी इकून टाकू. तुमी दोघं माझ्याकडं चला."

"तिसऱ्या माळ्यावर?"

"लिफ्ट हाय."

भागूबाईनं वैरण पुढं सारली. तिनं ती खोली बघितली होती. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची खिडकी. आठ दिवस राहिली होती, तर नवव्या दिवशी तिला स्वतःच्या हातांचं काय करावं तेच कळेना. आणि रामजी? त्याला तिथं पलंगावर बसवतील आणि तो तिथंच बसेल.

"आनि गोळ्यांनी गुण आला तर?" तिनं विचारलं.

सुनील वाईट पोरगा नव्हता. त्यानं थोडा विचार केला. "मार्गशीर्षातल्या शेवटच्या रविवारी चंदू दलालाला घेऊन येतो. तोवर आबा आपल्या हातानं धार काढायला लागलेले मला दिसले, तर म्हशी ऱ्हातील, तुमी पन ऱ्हावा. नायतर मग ऐकायचं माझं."

"बरं," भागूबाई म्हणाली.

हे 'बरं' रामजीनं ऐकलं. तो गोठ्याच्या दाराशीच उभा होता, तसाच कोऱ्या तोंडानं. त्या दिवसापासून भागूबाईची खात्री झाली, की नवरा आपल्यावर रागावला आहे. आपण त्याला न विचारता त्याच्या म्हशींवर 'बरं' म्हटलं. चुकलं होतं खरंच, पण आता काय बोलायची ती?

तिनं एकच केलं. दुधाचा पेला मोठा काढला.

मार्गशीर्ष लागला. गवत पिवळं पडून कापणीला आलं होतं. भागूबाई दिवसभर उतारावर वाकलेली. विळा चालवायचा, मूठ मागं टाकायची, पेंढी बांधायची. रामजी मागून येऊन पेंढ्या गोळा करायचा. म्हणजे तिनं दहा बांधल्या की त्यानं एक उचललेली असायची. त्याची बोटं पेंढीच्या बंदाशी झटापट करायची आणि बंद सुटून गवत पसरायचं. ती बघायची नाही. पाठ करून विळा जोरात चालवायची, म्हणजे त्याला वाटावं हिचं लक्ष नाही.

एकदा भारा घेऊन घराकडे येताना पऱ्याच्या काठावर रामजी थांबला. पऱ्यात आता घोट्याएवढंसुद्धा पाणी नव्हतं, एक ढांग टाकली की पलीकडं. तिथं हा माणूस काठी धरून उभा. डोक्यावर भारा घेऊन भागूबाई पलीकडं थांबली. मान दुखायला लागली.

"या की."

तो आला नाही. पाय थरथरत होते, तोंड कोरं. बराच वेळ गेला. शेवटी ती भारा टाकून माघारी आली आणि त्याचा हात धरून ओढायला गेली, तसा तो तिच्या अंगावरच कोसळला. दोघं दगडांत बसली. तिचं कोपर फुटलं. तो काहीतरी बोलला. तिनं कान तोंडाशी नेला.

"जा तू," तो म्हणाला.

एवढंच. भागूबाईला पऱ्यातच रडू आलं. पण रडून करायचं काय, भारा तिकडं पडलेला आणि म्हशी ओरडत होत्या.

संध्याकाळी ती चांदीच्या अंगावरच्या गोचड्या काढत चांदीशीच बोलत बसली. "मी काय केलं गो असं? बरं म्हटलं, त्येच ना? मग मारा की मला. शिव्या द्या. पन असं बगत ऱ्हायचं म्हंजे काय?" चांदी रवंथ करत राहिली. मोठा पेला सुरू करून दीड महिना होऊन गेला होता आणि रामजी दिवाळीपेक्षा वाईट होता. 'गोळीत काय राम नाय,' असं भागूबाईच्या मनात यायला लागलं. डोळ्यांपुढं तिसरा माळा दिसायला लागला.

ललिता आली ती या दिवसांत. ललिता म्हणजे वरंधची आशाताई. लहान पोरांचे डोस, बाळंतिणींच्या गोळ्या, सगळं तिच्याकडं. चढ चढून आली, घागरीतलं पाणी गटागटा प्यायली आणि म्हणाली, "भागूमामी, बुधवारी महाडला मीटिंग हाय. मामांसारखे पेशंट आनि त्यांच्या घरची मानसं बोलवलीत. नवीन आजार कळलेल्यांना सगळं समजावून सांगतात. पैसे-बिसे नाय काय. मामांना घेऊन ये."

रामजीनं मान हलवली. नाही.

"आवं मामा, तिथं सगळे तुमच्यासारखेच."

"सगळ्यांनी बसून... हात हलवायचे?" रामजी म्हणाला. ललिताला ऐकू आलं नाही. भागूबाईला आलं, पण ती सांगायच्या भानगडीत पडली नाही.

बुधवारी ती एकटीच गेली. गोळ्यांची पाकिटं पदराच्या गाठीत.

महाडात देवळामागं एक हॉल होता. खाली सतरंजी, कडेनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. भागूबाई दाराशी चप्पल काढत होती ती तिथंच थबकली. आत दहा-बारा माणसं बसली होती आणि त्यातल्या सहा-सात जणांना रामजीचं तोंड होतं. शर्ट वेगळे, टोप्या वेगळ्या, एक बाई तर गुजराती साडी नेसलेली, पण तोंड तेच. कोरं. पापण्या न लवणारं. हे सगळे कुणावर रागावलेत?

ती शेवटच्या खुर्चीवर टेकली. शेजारी पोलादपूरची एक बाई होती, संजीवनी नावाची. तिचा नवरा मालोजी गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेला. तो समोर बसून भिंतीकडे बघत होता.

"तुमच्या घरी कोण?" संजीवनीबाईंनी विचारलं.

"मालक." भागूबाईला राहवलं नाही. "बाई, तुमचे... सर... रागीट हायत काय?"

संजीवनीबाई हसल्या. "मलाही तसंच वाटायचं हो. दोन वर्षं. मी म्हणायचे, माझ्यावर एवढा कसला डूख धरलाय यांनी? एकदा तर भावाकडे निघून गेले होते. मग इथं कळलं. चेहऱ्याच्या नसा आखडतात. हसू आतच राहतं, बाहेर येत नाही."

"म्हंजे राग नाय?"

"राग असता तर तोही दिसला नसता," संजीवनीबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरची शाल नीट केली.

भागूबाई पुढं बराच वेळ काही ऐकत नव्हती. दिवाळीपासूनचा एकेक दिवस तिच्यासमोरून जात होता.

मीटिंग घेणारी ज्योती नावाची पोरगी होती, व्यायाम शिकवणारी. तिशीची असेल. मोठ्यानं, स्वच्छ बोलायची. पाय अडला तर ओढायचं नाही म्हणाली. पुढं जमिनीवर काहीतरी आडवं टाकायचं आणि ते ओलांडायला सांगायचं. तिनं मालोजी गुरुजींना उभं केलं, त्यांचा पाय अडला तिथं पुढं एक पट्टी टाकली, आणि गुरुजी ती ओलांडून ऐटीत चालत गेले. टाळ्या पडल्या. भागूबाईला पऱ्या आठवला. रामजीची काठी त्या वेळी त्याच्याच हातात होती की!

मग ज्योती गोळ्यांवर आली. "गोळी कशाबरोबर घेता, सांगा एकेकानं."

कुणी पाणी म्हणालं, कुणी चहा. भागूबाईची पाळी आली. ती उभी राहिली, पदर सावरला. या एका गोष्टीत आपण कुठं कमी पडलो नाही अशी तिची खात्री होती.

"दुधाबरुबर. निरसं दूध, म्हशीचं, घरचं. भरून पेला. तीन टाइम. उपाशीपोटी, एक दिस चुकवला नाय."

ज्योती हसली नाही. ती जवळ आली. "मावशी, कधीपासून?"

"तीन महिने झाले."

"गुण आलाय?"

"नाय."

ज्योतीनं खुर्ची ओढून तिच्यासमोर बसकण मारली. "मावशी, तुमच्या गोठ्याचं दार केवढं?"

"एक म्हैस जाईल एवढं."

"हां. पोटातून पुढं जायला या गोळीला तसंच दार असतं. दुधातली ताकद पण त्याच दारातनं जाते. तुम्ही गोळी आणि दूध एकदम सोडलंत, की दूध दारात घुसतं आणि गोळी बाहेर राहते. दूध वाईट नाही. पण गोळीवर नको. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, मग निदान अर्धा तास काही नाही. दूध द्या, तासाभरानं द्या. गोळ्या किती घ्यायच्या ते डॉक्टरनी सांगितलंय तेच, त्यात आपण काही करायचं नाही. कळलं?"

"उपासाला चालतं ना दूध," भागूबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"उपासाला चालतं, मावशी."

भागूबाई खाली बसली. मोठा पेला तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पाण्याचा थेंबसुद्धा घालत नव्हती ती. वाईट वाटलं तसा पेला मोठा केला, आणखी वाईट वाटलं तसा काठोकाठ भरला. नवऱ्याचं औषध तीन महिने तिनं आपल्या हातानं दाराबाहेर ठेवलं होतं.

रविवार चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीचा हॉर्न आला आणि भागूबाईनं रामजीच्या हातात गोळी ठेवली. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला दिला. रामजीनं पेल्यात बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. तिनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कसं सांगायचं? 'मीच तुमचं वाटोळं केलं' असं कुणाला सांगता येतं काय? ती पाठ फिरवून गोठ्यात गेली.

तासाभरानं दूध द्या असं ज्योती म्हणाली होती खरी. पण भागूबाईला आता दुधाचीच भीती बसली. तास झाला की नाही ते कोण मोजणार? त्यापेक्षा नकोच. निघालं तेवढं दूध ती किटलीत भरून हॉटेलात घालून येई. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. रामजी पाण्यावर गोळी घ्यायचा, रिकामा पेला खाली ठेवायचा आणि भरलेली किटली खाली जाताना बघत बसायचा. शुक्रवारी दुपारी त्याचा पाय उंबऱ्याशी अडला, तेव्हा तिनं काही न बोलता त्याची काठी घेऊन समोर आडवी टाकली. रामजीनं काठी बघितली. आणि ओलांडली. ती काठी उचलून त्याच्या हातात देऊन निघून गेली. नजर वर करायची तिची हिंमत नव्हती.

शनिवारी सकाळी ती दुसऱ्या म्हशीचं, भुरीचं शेण भरत होती. घर आणि गोठा यांच्या मधे अख्खं अंगण.

"भागू!"

तिनं दचकून वर बघितलं. वाटलं वाटेनं कुणी आलं.

"रागावलीस काय गो?"

रामजी ओटीवर बसला होता. तिथनं बोलला होता आणि इथं ऐकू आलं होतं. गेले कित्येक महिने त्याच्या ओठांना कान लावल्याशिवाय शब्द कळत नव्हता. भागूबाई शेणाच्या हातांनी तशीच अंगणात आली.

"काय म्हनालात?"

"दूध बंद केलंस," रामजी म्हणाला. सावकाश, पण स्पष्ट. "हाटेलात घालतीस. बोलत नायस, बगत नायस. मला वाटलं... मी आता कामाचा नाय. उद्या म्हशी जानार, मी पन जानार. म्हनून तुझं मन उडालं."

भागूबाई अंगणातच बसली. बसली आणि सगळं सांगितलं. दार, म्हैस, दूध, मोठा पेला. सांगताना रडत होती आणि शेणाचे हात डोळ्यांना लावता येत नव्हते म्हणून पाणी तसंच हनुवटीवरून गळत होतं.

"तीन महिने," ती म्हणाली. "माज्या हातानं."

रामजी तिच्याकडं बघत होता. तोंड तेच, कोरं.

"पन दूध चांगलं होतं," तो म्हणाला.

मग तिनं विचारलं. दिवाळीपासून छातीत धरलेलं. "तुमी नाय ना रागावलात माज्यावर? सुनीलला बरं म्हनाले म्हनून?"

"कोन म्हनलं मी रागावलो?"

"तुमचं तोंड."

रामजीनं डावा हात उचलला आणि गालावरून फिरवला, जणू तिथं काय आहे ते त्यालाही बघायचं होतं. "माझं तोंड मला दिसतंय काय गो," तो म्हणाला.

रविवारी पहिल्या एस्टीच्या हॉर्नवर गोळी दिली आणि भागूबाईनं म्हशींना हात लावला नाही. सुनीलला दिसली पाहिजे धार, तर ती त्याच्यासमोरच निघाली पाहिजे. पण सुनील येईना. त्याच सुमाराला यायचा होता. उन्हं कुडावर आली, कुडावरून उतरली. कास तट्ट फुगून चांदी ओरडायला लागली, रेडकं दावी तोडायला आली. रामजी चरवी घेऊन ओटीवर बसलेला. त्याचा हात सकाळी शांत होता, तो आता पुन्हा चुळबुळायला लागला.

"मी काढते," भागूबाई म्हणाली.

"थांब."

शेवटी वाटेवर डोकी दिसली. चंदू दलाल धापा टाकत होता. "वरंधात टायर पंक्चर झाला हो गाडीचा. त्यात तुमचा हा चढ! म्हशी तरी कशा ऱ्हातात हितं?"

रामजी उठला. गोठ्याच्या दाराशी पाय अडला. सुनील पुढं झाला, भागूबाईनं त्याचा दंड धरून मागं ओढला. रामजीनं स्वतःच काठी समोर आडवी टाकली, ओलांडली आणि आत गेला.

चांदीच्या कासेला त्यानं पाण्याचा हात लावला. "लई वेळ लावला गो," तो तिला म्हणाला. "मुंबईचं पावनं आल्यात." चांदीनं कान हलवले. पहिली धार चरवीच्या तळावर वाजली. मग दुसरी. पूर्वीसारखी भराभर नाही, मधे मधे थांबून, पण एकामागून एक. सुनील कुडाला धरून उभा होता. चरवीत फेस वर यायला लागला तेव्हा तो नाक पुसायला बाहेर गेला.

चांदीची धार पुरी निघाली. रामजी भुरीखाली बसला. निम्मी चरवी झाली आणि बोटं अडली. तो बसून राहिला. हात थरथरत होता. भुरीनं पाय उचलला तशी भागूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"एकीचं झालं," रामजी शेवटी म्हणाला. स्वतःच म्हणाला. "दोन नाय झेपत."

भागूबाईला वाटलं म्हणावं, दुसरीची मी काढते की, गोळी आत्ता कुठं लागायला लागली आहे, आणखी महिना थांबा. पण सुनीलचं तोंड तिनं बघितलं आणि तिला स्वतःचं फुटकं कोपर आठवलं. भुरीचं दावं तिनंच सोडलं. चंदूनं नवीन दोर लावला. रेडकू आईच्या मागं उड्या मारत निघालं, त्याला काय, त्याला वाटलं चरायला चाललोय.

"होळीला येतो," सुनील म्हणाला. "आबा, गोळी चुकवू नका." त्यानं बापाच्या पायाला हात लावला आणि वळून न बघता उतरला. भुरीच्या गळ्यातली घंटा पऱ्यापर्यंत ऐकू येत होती, मग वळणाआड गेली.

भागूबाईनं दुपारची गोळी पाण्यावर दिली. मग उंबऱ्यावरची उन्हाची कड दोन हात सरेपर्यंत वाट बघितली, वर आणखी थोडी. मग पितळेचा पेला, लहानवाला, चांदीच्या दुधानं भरला आणि गोठ्यात नेऊन दिला. रामजी तिथंच दगडावर बसून होता. समोर भुरीचा खुंटा रिकामा. चांदी तिकडं तोंड करून ओरडत होती.

रामजी दूध प्यायला. थोडं सदऱ्यावर सांडलं. मग तो खुंट्याकडे बघत म्हणाला,

"त्येला आता मला बांध."

भागूबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. काही नव्हतं तिथं. कोरं.

"पन चारा दोन टाइम पायजे," रामजी म्हणाला. "आनि गोळीवर दूध नको."

मग कुठं तिला कळलं. तिला असं हसू आलं की ती चांदीच्या अंगाला टेकली. हसता हसता भुरीची आठवण आली आणि रडू आलं, तरी हसू थांबेना. एवढ्या महिन्यांत त्या गोठ्यात कुणी हसलं नव्हतं. चांदीसुद्धा ओरडायची थांबून बघायला लागली. हसून झाल्यावर भागूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडं बघितलं. तो तसाच बसला होता, मातीच्या तोंडानं.

"मी पन हसलो गो," रामजी म्हणाला.

"कवा?"

"आत्ताच. तुज्याबरुबर."

भागूबाईनं त्याच्या हातातला पेला घेतला आणि त्याच्या शेजारी दगडावर सरकून बसली. "बरं," ती म्हणाली. "आता हसलात की सांगत जावा."